दगडखाणीचा ईआयए: सातबाऱ्यापासून सहामाही अहवालापर्यंत

काही वर्षांपूर्वी एका गावात ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आम्ही धुळीचा नमुना घेणारं यंत्र लावलं होतं. आकडे आले ते उलटेच. हे गाव खाणीपासून दूर, वाराही गावाकडून खाणीकडे जाणारा, आणि तरी इथली धूळ खाणीच्या पायथ्याच्या वाडीपेक्षा जास्त. जाऊन पाहिलं. भारनियमन होतं म्हणून आमच्या पोराने भाड्याने जनरेटर आणला होता आणि तो यंत्रापासून आठ फुटांवर, नेमका वाऱ्याच्या तोंडाला ठेवला होता. तीन आठवडे आम्ही आमचाच धूर मोजत होतो. ते सगळे आकडे फेकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ही गोष्ट आधी सांगतोय, कारण पर्यावरण आघात मूल्यांकन, म्हणजे ज्याला सगळे ईआयए म्हणतात, ते शिकवताना कायद्याची कलमं भरपूर शिकवतात. यंत्र कुठे ठेवायचं हे कुणी सांगत नाही. अहवाल पुढे मंजुरीच्या तज्ज्ञ समितीत टिकतो की पडतो, हे बहुतेक वेळा अशाच बारक्या गोष्टींवर ठरतं. हा लेख या कामात नव्याने आलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून देशावरच्या काळ्या दगडाच्या खाणींचा समूह घेतलाय. धरणं, विमानतळ, टाउनशिप यांचे अहवाल मोठे असतात आणि त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. गौण खनिजाची (दगड, मुरूम, वाळू वगैरे) कामं छोटी, संख्येने जास्त, आणि सगळ्यात निष्काळजीपणे उरकली जातात. हात बसायला यांच्यासारखी जागा नाही.

कायद्याचा सांगाडा थोडक्यात असा. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ चा. त्याखाली पहिली ईआयए अधिसूचना १९९४ ची; आज चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची, अर्थात वेळोवेळी दुरुस्त होत आलेली. प्रकल्प कोणत्या गटात बसतो ते ठरवणं, अभ्यासाची व्याप्ती ठरवणं, लोकांचं म्हणणं ऐकणं आणि तज्ज्ञ समितीने छाननी करणं, असे तिचे चार टप्पे. पर्यावरण मंजुरीसाठी ‘अ’ गटाचे प्रकल्प दिल्लीत पर्यावरण मंत्रालयाकडे जातात, ‘ब’ गटाचे राज्याच्या प्राधिकरणाकडे. ‘ब’चे पुन्हा दोन भाग: बी-१ ला ईआयए अहवाल लागतो, बी-२ ला लागत नाही.

आधी कागद

बहुतेकजण पहिल्या दिवशी जागेवर जातात. मी आधी तलाठ्याकडे जातो.

सातबाऱ्यावरचं ‘इतर अधिकार’ हे सदर नीट वाचा. तिथे कूळ असतं, बँकेचा बोजा असतो, कधी वनखात्याच्या नावाची एखादी जुनी ओळ असते. शक्य तितके जुने फेरफार काढून घ्या. महाराष्ट्रात १९७५ चा खासगी वने संपादन कायदा आहे आणि भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खालच्या नोटिसांनी कित्येक जमिनींचे मालक वर्षानुवर्षं कोर्टात फिरले आहेत. विदर्भात काम असेल तर ‘झुडपी जंगल’ हा शब्द शोधा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन म्हणूनच धरायच्या असं सांगितलं आहे. शिवाय त्याच न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशापासून ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ लागू होतो, मालकी कुणाची का असेना. मालक म्हणतो, ‘साहेब, माझी खासगी जमीन आहे.’ ती असेलही. वन तरीही असू शकते.

दुसरा कागद मोजणी नकाशा. परिवेश या मंजुरीच्या अर्जांच्या सरकारी पोर्टलवर जागेची केएमएल फाइल, म्हणजे हद्दीचा संगणकी नकाशा, द्यावी लागते, आणि ती पुष्कळदा कुणीतरी गूगलवर बोटाने आखलेली असते. मोजणीच्या हद्दखुणांवर स्वतः उभं राहून जीपीएसच्या नोंदी घ्या. एकदा अशी फाइल शेजारच्या गटात साठ-सत्तर मीटर घुसलेली सापडली. शेजाऱ्याचं आणि आमच्या मालकाचं बांधावरून आधीच वाजलेलं होतं. जनसुनावणीत तो नकाशा फडकवला गेला असता तर पुढचं काही बोलायला तोंड राहिलं नसतं.

तिसरं, ५०० मीटर. एकाच प्रकारच्या खनिजाच्या पट्ट्यात एका खाणीच्या कडेपासून दुसऱ्या खाणीची कड ५०० मीटरच्या आत असेल, तर त्या खाणी मिळून समूह धरला जातो. समूहाचं एकत्र क्षेत्र ५ हेक्टरच्या वर गेलं की ईआयए आणि जनसुनावणी आली. मालकाची स्वतःची खाण दोन हेक्टरची असते, त्याला वाटतं आपण सुटलो. जिल्हा खनिकर्म कार्यालयातून आसपासच्या सगळ्या खाणपट्ट्यांची यादी लेखी घ्या आणि अंतर स्वतः मोजा. कोणती खाण क्षेत्रात धरायची आणि कोणती वगळायची याचे अपवाद आहेत. ते मूळ अधिसूचनेत वाचा, दुसऱ्या सल्लागाराच्या सांगण्यावर जाऊ नका. समूह तालुक्याच्या हद्दीवर असेल तर पलीकडच्या तालुक्यातल्या खाणीही पाहायच्या. खडकाला तालुका कळत नाही.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान जवळ असेल तर तिथेच थांबून विचार करा. त्यांच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत खाणकामाला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे. हे पहिल्याच आठवड्यात मालकाला सांगणं म्हणजे त्याचे पैसे वाचवणं. तो त्या वेळी खूश होत नाही, ही गोष्ट वेगळी.

करार करताना

सल्लागाराला पैसे देतो प्रकल्पवाला. या व्यवस्थेतलं मूळ दुखणं हेच, आणि आपण ते एकट्याने बरं करू शकत नाही. मात्र एक गोष्ट आपल्या हातात असते: ‘मंजुरी मिळाल्यावर ४० टक्के’ असलं कलम घेऊ नका. पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा: पाहणी झाली, हंगामाचे आकडे आले, मसुदा दिला, सुनावणी झाली, अंतिम अहवाल दिला. मंजुरीला बांधलेला हप्ता असला की मोजलेल्या आकड्यावरून हात फिरवायचा मोह प्रत्येक पानावर होतो.

सल्लागार संस्थेकडे नॅबेटची, म्हणजे अशा संस्था तपासणाऱ्या मंडळाची, मान्यता हवी, तीही खाणकाम या क्षेत्राची आणि योग्य गटाची. २०१६ पासून हे अधिसूचनेतच आहे. प्रयोगशाळेच्या मान्यतेची मुदतही पाहून घ्या. अहवालावर समन्वयकाची आणि प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञाची सही असते. ज्याने जागा पाहिली नाही त्याची सही घेऊ नका. हे लिहायला सोपं आहे, पाळताना भांडणं होतात.

पायी फेरी

खाणपट्टा, तिथून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट, सगळ्यात जवळची घरं, आणि पाणी जिथे उतरतं तो ओढा. एवढं पायी फिरायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सोबत गावातला कुणीतरी हवा, आणि तो मालकाचा माणूस नको.

फेरीत विचारायचे प्रश्न साधे असतात. पावसाळ्यात पाणी कुठून येतं, कुठे जातं? उन्हाळ्यात कोणत्या विहिरीला शेवटपर्यंत पाणी असतं? मेंढरं कुठे बसतात? शाळेची पोरं कोणत्या रस्त्याने जातात? यात्रा कधी असते? यातलं प्रत्येक उत्तर पुढे अहवालातल्या एकेका प्रकरणाला लागतं.

घरांना आधीपासून असलेले तडे याच फेरीत टिपून घ्या. जुनी खाण चालू असेल तर ‘सुरुंगाने घर फुटलं’ ही तक्रार असणारच, आणि ती खरी की जुनी हे नंतर कुणालाच ठरवता येत नाही. घरमालकाच्या परवानगीने प्रत्येक तड्याचा फोटो, शेजारी फूटपट्टी, तारीख, आणि घरमालकाची सही. त्याची एक प्रत त्यांना द्या. हा कागद मालकाच्या बाजूचाही नसतो आणि गावाच्या बाजूचाही, म्हणून दोघांनाही तो पटतो.

अर्ज: जे दिसलं ते लिहा

पर्यावरण मंजुरीच्या अर्जातल्या रकान्यात ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ लिहिणं सगळ्यात सोपं. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाचं उदाहरण या क्षेत्रात प्रत्येकाला माहीत असायला हवं. २०१५ मध्ये मिळालेली मंजुरी २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली. मुख्य आक्षेपांपैकी एक होता तो पहिल्या अर्जातल्या माहितीवर. आसपासची वनं आणि संवेदनशील क्षेत्रं अर्जात जशी सांगायला हवी होती तशी सांगितलेली नव्हती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं, जादा अटी आल्या आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. विमानतळ झाला. पण मधले महिने गेले ते गेलेच, आणि ते गेले एका फॉर्मपायी.

त्या निकालातला एक तपशील वहीत लिहून ठेवा: अर्जातल्या संवेदनशील जागांच्या रकान्याला १५ किलोमीटरचं हवाई अंतर लागतं. आपला अभ्यास १० किलोमीटर त्रिज्येचा असतो म्हणून अर्जही तिथेच थांबवायचा, ही चूक अजूनही होते.

अर्जानंतर अभ्यासाची व्याप्ती ठरवून मिळते, जिला सगळे टीओआर म्हणतात. टीओआर आला की प्रत्येक मुद्द्याची एक ओळ आणि समोर ‘कुणी, कधी, कसं’ असा तक्ता करून भिंतीवर लावा. अंतिम अहवालात हाच तक्ता पानांच्या आकड्यांसह जातो.

एक हंगाम मोजायचा म्हणजे

पावसाळा सोडून एक हंगाम, म्हणजे तीन महिने. हवेचे नमुने आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चोवीस तास. बारा आठवड्यांत एका ठिकाणी चोवीस नमुने होतात. ठिकाणं ठरवताना आधी हवामान खात्याच्या जवळच्या वेधशाळेचे वाऱ्याचे आकडे पाहा, मग जागेवर वाऱ्याचं यंत्र लावून त्या आकड्यांशी ताडून बघा. निदान दोन ठिकाणं वारा जिकडे जातो त्या बाजूला, एक उलट बाजूला, एक वाहतुकीच्या रस्त्यावर.

यंत्र जमिनीपासून तीनेक मीटर उंच, झाडाच्या आड नको, चुलीच्या धुराड्याजवळ नको. आणि जनरेटर लांब, वारा जिकडे जातो तिकडे.

नमुन्याच्या आकड्याइतकीच नमुन्याच्या दिवसाची वही महत्त्वाची. मळणी चालू होती का, कुणी उसाचं पाचट पेटवलं का, अवकाळी आला का, यात्रेच्या गाड्या होत्या का. अवकाळीनंतर धूळ निम्म्यावर येते आणि यात्रेला दुप्पट होते. वही नसेल तर समितीत ‘हा आकडा असा का?’ या प्रश्नावर गप्प बसावं लागतं. चोवीसच्या चोवीस आकडे ५८ ते ६३ मध्ये बसलेले असतील तर तो अहवाल टेबलावर बसून केलाय हे कोणताही अनुभवी सदस्य ओळखतो. हवा एवढी शिस्तीची नसते.

मानकं पाठ हवीत. पीएम १० (हवेतली बारीक धूळ) चोवीस तासांना घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ (त्याहून बारीक) ला ६०. आवाज निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ‘दिवस’ सकाळी ६ ते रात्री १०.

आता विहिरी. माझ्या मते दगडखाणीच्या अहवालाचा जीव इथे आहे, आणि इथेच सगळ्यात कमी श्रम घेतले जातात. दहा किलोमीटरमधल्या आठ विहिरींचं पाणी प्रयोगशाळेत पाठवून क्षारांचे तक्ते छापतात. गावाचा प्रश्न क्षारांचा नसतो. ‘खाण खोल गेली तर आमचं पाणी तिकडे जाईल का?’ हा असतो.

देशावरचा खडक थरांचा. वर मुरूम, मग कुठे मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा खडक), कुठे सलग काळा पाषाण, मध्ये एखादा लाल गेरूचा पट्टा. खाणवाल्याला हवा असतो काळा पाषाण. पाणी मात्र मुरुमातून, मांजऱ्यातून आणि पाषाणाच्या भेगांतून सरकतं. म्हणून एक किलोमीटरच्या आतली प्रत्येक विहीर मोजा. नमुन्यादाखल नव्हे, प्रत्येक. विहिरीच्या भिंतीत थर दिसतात, ते उतरवून घ्या. उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा पाण्याची पातळी घ्या. कठड्यावर लाल रंगाची खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून टेप सोडा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. शेतीची वीज कोणत्या आठवड्यात रात्रीची असते ते विचारून घ्या, कारण रात्रभर मोटार चाललेल्या विहिरीची सकाळची पातळी म्हणजे उपशानंतरची पातळी. ती खरी नव्हे.

मग सगळं समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदला आणि शेजारी ठेवा. समजा खाणीचा माथा ६४२ मीटरवर आहे आणि खोदाई २० मीटर, म्हणजे तळ ६२२ वर. जवळच्या विहिरीचं पाणी मेमध्ये ६१८ वर, ऑक्टोबरात ६२७ वर. उन्हाळ्यात पाहिलं तर तळ पाण्याच्या चार मीटर वर, सगळं छान. ऑक्टोबरात तोच तळ पाण्याच्या पाच मीटर खाली. म्हणजे पावसाळ्यानंतरचे काही महिने खाणीत पाणी उतरणार, ते पंपाने उपसणार, आणि त्याच महिन्यांत रब्बीला विहिरींची गरज. हे दोन आकडे समोर आल्यावर खोली कमी करायची, की खाणीचं उपसलेलं पाणी शेतकऱ्याला द्यायचं, की खालच्या बाजूने पट्टा सोडायचा, हे बोलता येतं. फक्त मेची पातळी छापली तर प्रश्नच दिसत नाही. काहींना तेच हवं असतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जवळ असतील तर त्यांच्या जुन्या नोंदी मागा. आपली मोजणी एका वर्षाची, त्यांची अनेक वर्षांची.

माळ पडीक नसतो

जमीन वापराच्या नकाशात खाणीची जागा बहुधा ‘पडीक’ रंगात येते, कारण सातबाऱ्यावर पोटखराबा असतो. पोटखराबा म्हणजे सारा बसवण्याच्या हिशेबात लागवडीला न लागणारी जमीन. तिथे काही जगत नाही असा त्याचा अर्थ नाही. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ‘अनुसूची एकमधील प्राणी आढळले नाहीत’ हे वाक्य माळावरच्या अहवालात दिसलं की मी ते पान पुन्हा वाचतो.

मोजणीचा हंगाम पावसाळा सोडून असतो, आणि माळावरच्या वनस्पती नेमक्या पावसाळ्यातच उगवतात. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, तर जून ते ऑक्टोबर एवढाच त्यांचा संसार. एप्रिलमध्ये जाऊन ‘खुरटं गवत’ लिहिणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतं आणि तरी खोटं असतं. टीओआरमध्ये नसलं तरी ऑगस्टमध्ये एक फेरी करा. दोन दिवसांचा खर्च आहे. मेंढपाळांशी बोला. लांडग्याचं घर कुठे आहे ते धनगराइतकं कुणाला ठाऊक नसतं. फक्त ती जागा नकाशावर ठिपका टाकून छापू नका. अहवाल सगळ्यांना खुला असतो, शिकाऱ्यालाही.

प्राण्या-झाडांच्या याद्या दुसऱ्या अहवालातून उचलण्याबद्दल एकच उदाहरण. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे तसेच्या तसे सापडले होते. कोकणात बर्चची झाडं! आपण हसतो, पण सोलापूरच्या अहवालात भीमाशंकरचा शेकरू मी स्वतः पाहिला आहे.

ब्रास, टन आणि घनमीटर

परिणामांचा अंदाज करायला बसाल तेव्हा सगळ्यात आधी एकक जुळवा. खाणकाम आराखड्यात घनमीटर असतात तेही सलग खडकाचे, वाहतुकीच्या हिशेबात टन, आणि रॉयल्टी ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सलग पाषाणाचा एक ब्रास आठ टनांच्या आसपास भरतो. तोच फोडून खडी केली की सुटा ब्रास साधारण सव्वाचार टन. दोन प्रकरणांत दोन वेगळे ब्रास वापरले की ट्रकच्या फेऱ्या निम्म्या होतात. मुद्दाम करतात की अजाणता, ते मी सांगत नाही.

आता फेऱ्यांचं गणित करून बघा. समूहातून वर्षाला सुटी खडी ६०,००० ब्रास, कामाचे दिवस ३००. रोज २०० ब्रास. हायवा (मोठा डंपर) चार ब्रासचा धरला तर ५० फेऱ्या. रिकामा हायवाही त्याच रस्त्याने परत जातो, म्हणजे १०० वेळा गाडी जाणार. दहा तासांत दर सहा मिनिटांना एक. आणि रस्ता शाळेसमोरून. अहवालात ‘वाहतुकीतील वाढ नगण्य’ लिहायच्या आधी शाळेच्या फाटकात सहा मिनिटं उभं राहून या.

धुळीसाठी संगणकावर मॉडेल चालवतात. त्यातून येते ती भर. ती मोजलेल्या आकड्यात मिळवायची. आजची पीएम १० ची पातळी ७८ आणि भर १४, तर ९२, मानकाच्या आत. आजची पातळी ९१ असेल तर बेरीज १०५, आणि मग मॉडेल पुन्हा चालवून आकडा खाली आणायचा नसतो, क्रशर झाकायचा असतो. समूहातल्या सगळ्या खाणी आणि क्रशर एकत्र धरा. एकेकाची भर वेगळी दाखवली की प्रत्येकजण निर्दोष सुटतो.

उपाय म्हणून ‘टँकरने पाणी मारणार’ हे सगळेच लिहितात. टँकर भरणार कुठे? एप्रिलमध्ये गावालाच टँकर लागत असेल तर हे वाक्य सुनावणीत तुमच्याच अंगावर येतं. खाणीच्या जुन्या खड्ड्यात पावसाळ्याचं साठवलेलं पाणी किती दिवस पुरेल ते घनमीटरमध्ये लिहा. आसपास द्राक्ष किंवा डाळिंब असेल तर धुळीचा प्रश्न आरोग्याइतकाच बागेचा असतो. फुलोऱ्याच्या दिवसांत काय करणार, हे वेगळं लिहा.

सुरुंगाच्या हादऱ्याला मर्यादा आहे. खाणमालकाची नसलेली साधी घरं असतील तर, कंपनाच्या वारंवारतेनुसार, सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटर. खाणीत चाचणीचा सुरुंग लावून जवळच्या घरापाशी हादरा खरोखर मोजा आणि एका क्षणी एकत्र फुटणारी दारू जास्तीत जास्त किती ठेवायची ते त्यावरून काढा. दगड उडण्याचं धोक्याचं क्षेत्र ५०० मीटर धरतात. त्या वर्तुळात किती घरं, वस्तीचा कोणता रस्ता येतो ते नकाशावर दाखवा. भोंगा आणि ठरलेली वेळ गावाशी बोलून ठरवा. दुपारी दोनला सुरुंग ठरवला आणि तीच शाळा सुटायची वेळ निघाली, असंही झालं आहे.

जनसुनावणी

मसुदा तयार झाला की राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सुनावणीची विनंती जाते. नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात, आणि लोकांना किमान ३० दिवस. मसुदा आणि सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवायचे असतात. सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नसलेला अधिकारी. गणसंख्येची अट नाही, सगळ्याचं चित्रीकरण होतं. इथे मतदान नसतं. हात वर करून प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर होत नाही. हे प्रकल्पवाल्यालाही सांगावं लागतं, तो माणसं जमवायच्या तयारीत असतो.

मराठी सारांश हा खरा अहवाल समजा, कारण गाव तोच वाचतं. बहुतेक सारांश इंग्रजीवरून यंत्राने काढलेले असतात: ‘फरारी धूळ उत्सर्जनाचे शमन’ वगैरे. गावात याला ‘उडणारी धूळ’ म्हणतात. सारांश लिहून झाला की सरपंचांना, बचत गटाच्या एखाद्या ताईंना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे त्या अडतील तिथे आपलं वाक्य चुकलेलं असतं. नकाशात गट नंबर, ओढ्याचं आणि वस्तीचं गावातलं नाव टाका. ‘अभ्यास क्षेत्र केंद्र’ बघून कुणाला आपलं शेत सापडत नाही.

सुनावणीत एक आजोबा उठले होते. म्हणाले, ‘साहेब, तुमचं पुस्तक चांगलं हाय. माझी हीर आटली तर मी कुणाच्या दारात जायचं, तेवढं सांगा.’ प्रकल्पाच्या माणसाने ‘योग्य ती उपाययोजना करण्यात येईल’ असं उत्तर दिलं आणि मंडपात जो गलका झाला तो अर्धा तास थांबला नाही. नंतर आम्ही अहवालात लिहिलं: अमुक विहिरींची पातळी मोजलेल्या नोंदीपेक्षा इतकी खाली गेली तर खोदाई थांबेल, कारण ठरेपर्यंत त्या शेतकऱ्याला खाणीचं पाणी मिळेल, तक्रार कुणाकडे करायची त्याचं पद आणि किती दिवसांत उत्तर. आजोबांना एवढंच हवं होतं. ते मसुद्यातच असायला हवं होतं.

सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त तिथेच लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करायची, असा नियम आहे. उशीर झालाय, लोक उठलेत, म्हणून हे टाळू देऊ नका. नम्रपणे आठवण करून द्या. न वाचलेलं इतिवृत्त पुढे सगळ्यांच्याच गळ्यात अडकतं.

लोकांनी मांडलेला प्रत्येक मुद्दा, त्यावरचं आश्वासन, खर्च आणि वर्ष असा तक्ता अंतिम अहवालाच्या व्यवस्थापन आराखड्यात जातो. केंद्राच्या २०१८ च्या आदेशात सामाजिक खर्चाची टक्केवारी ठरलेली होती. २०२० नंतर जोर सुनावणीतल्या आश्वासनांवर आहे. त्यामुळे मंदिराच्या सभामंडपाला देणगी आणि विहिरींचं संरक्षण यांत गल्लत करू नका. मंडप चांगला आहे, पण तो खाणीच्या परिणामावरचा उपाय नाही.

समितीपुढे

सादरीकरणाला फार वेळ मिळत नाही. नकाशा, विहिरींचा छेद, फेऱ्यांचं गणित, सुनावणीचा तक्ता, बस. ज्याने मोजणी केली त्याला सोबत न्या. माहिती अपुरी म्हणून प्रस्ताव परत आला तर चिडू नका. त्रुटींच्या पत्राला मुद्देवार, पान क्रमांकासह उत्तर द्या. मोजणीचे आकडे आणि सुनावणी तीन वर्षांपेक्षा जुनी झाली तर पुन्हा करावं लागतं, म्हणून उत्तरं रेंगाळू देऊ नका.

मंजुरीनंतर

मंजुरी आली की सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात, त्यातलं एक मराठी. प्रत ग्रामपंचायतीला. कुणाला हरकत असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं, पुरेसं कारण असल्यास आणखी ६० दिवस. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. हे गावाने विचारलं तर सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला. बहुतेक सल्लागारांचा करार मंजुरीला संपतो आणि हे अहवाल मालकाचा मुनीम मागच्या वर्षीची तारीख बदलून पाठवतो. शक्य असेल तर पहिल्या दोन वर्षांचं काम आपल्या करारात घाला. तारखाही सोयीच्या आहेत: मेअखेर विहिरी मोजल्या की जूनच्या अहवालात उन्हाळ्याची पातळी जाते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोजल्या की डिसेंबरच्या अहवालात पावसाळ्यानंतरची.

पहिल्या मेमध्ये जाताना मोजणीची जुनी वही, टेप आणि लाल रंगाचा छोटा डबा बरोबर घ्या. एका पावसाळ्यात कठड्यावरच्या निम्म्या खुणा पुसून जातात.